'जळालेलं दाखवणार नाही' म्हणणाऱ्या टूरवाल्यांना आणि आफ्रिका सफारीच्या समस्त मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

२०२५ च्या सप्टेंबरात नामिबियातलं एटोशा नॅशनल पार्क जळत होतं तेव्हा आपल्या सफारी ग्रुपवर चार दिवस काय चाललं होतं ते आठवून बघा. पहिले दोन दिवस नुसते हात जोडलेले इमोजी आणि 'बापरे', मग कोणीतरी पेटलेल्या हत्तीचा फोटो टाकला जो उघडउघड एआयने बनवलेला होता (हत्तीला सोंडेच्या दोन्ही बाजूला मिळून तीन सुळे होते, तरी एकशेचाळीस जणांनी तो पुढे पाठवला), मग ज्यांची डिसेंबरची बुकिंग होती त्यांची रिफंडची गडबड सुरू झाली. आणि त्यावर एका टूरवाल्याने, नाव घेत नाही, चांगला माणूस आहे, ग्रुपवर लिहिलं, 'काळजी नसावी, आपण जळालेला भाग दाखवणारच नाही.' खाली पन्नास अंगठे.

त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. तेव्हाच लिहायचं होतं पण राहून गेलं, आता पुढच्या सीझनची बुकिंग सुरू झालीत म्हणून लिहितोय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी काय झालं ते नीट सांगतो, कारण ग्रुपवर जे फिरत होतं त्यात अर्धं खोटं होतं. आग लागली २२ सप्टेंबरला. सरकारने सांगितलेला आकडा साधारण पावणेआठ लाख हेक्टरचा आहे, म्हणजे पार्कचा एक तृतीयांश. आपल्या हिशोबाने दोन गोवे. पण नकाशावर एटोशा बघितलंत तर मधोमध एक पांढराफटक डाग दिसतो, तो मिठाचा पॅन, म्हणजे मिठाने भरलेला सपाट खोलगट भाग, जवळजवळ पावणेपाच हजार चौरस किलोमीटर, तिथे गवताची काडी उगवत नाही त्यामुळे जळायचा प्रश्नच नाही. तो वजा करून हिशोब मांडा, मग कळतं की जनावरं जिथे चरतात त्यातलं चाळीस टक्क्यांच्या वर गेलं. विझवायला शेवटी नामिबियाच्या पंतप्रधानांना पाचशे सैनिक पाठवावे लागले. मेलेल्या जनावरांचा सुरुवातीचा सरकारी आकडा मात्र किमान नऊ हरणांचा होता. नऊ! यावर लगेच दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणाली सरकार लपवतंय, दुसरी म्हणाली मग एवढा गाजावाजा कशाला. मला वाटतं दोघांनीही चुकीची गोष्ट मोजली. मोठं जनावर बहुतेक वेळा आगीतून बाजूला होतं, मरतात ती कासवं, साप, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, आणि त्यांची गणती कोण करतो. जगलेल्या हजारो तोंडांपुढे प्रश्न असतो तो नंतरचा, कारण सप्टेंबर संपताना गवत गेलं आणि पाऊस यायला अजून दोन महिने, तेवढ्यात खायचं काय? एटोशाला चहूबाजूंनी कुंपण आहे, साडेआठशे किलोमीटर. पूर्वी अशा वेळी कळप चालत निघून जायचे, आता तारेपाशी येऊन थांबतात.

आता कारण. वीज नाही पडली, सप्टेंबरात तिथे आभाळात ढग नसतो. नामिबियाच्या पर्यावरण मंत्रालयाने संशय व्यक्त केला तो पार्कच्या सीमेला लागून असलेल्या फार्मवरच्या कोळशाच्या भट्ट्यांवर.

ग्रुपवर लगेच निकाल लागला, 'लालची लोक', 'जंगल तोडून कोळसा करतात'. थांबा जरा. मी २०२३ च्या जूनमध्ये ओच्जिवारोंगोच्या बाजूला एका फार्मवर दोन दिवस राहिलो होतो, तिथे या भट्ट्या बघितल्यात. आपल्याकडे गूळ करायच्या गुऱ्हाळासारखं काहीतरी डोळ्यासमोर आणू नका. छातीएवढ्या उंचीचा लोखंडी ड्रम, तळाला हवेसाठी भोकं, वर झाकण. कामगार काटेरी झुडपं कुऱ्हाडीने तोडून तुकडे करून भरतो, पेटवतो आणि मग नुसता धुराकडे बघत बसतो. आधी दाट पांढरा धूर येतो, ते लाकडातलं पाणी. धूर पातळ निळसर झाला की भोकं मातीने बंद, झाकणाच्या कडेला वाळू, आणि थांबायचं. खरी भीती इथून पुढे असते. आतला कोळसा बाहेरून गार वाटतो पण पुरता विझलेला नसतो, झाकण लवकर काढलं आणि वारा लागला की पुन्हा फुलतो, कधीकधी पोत्यात भरल्यावर फुलतो. त्या माणसाला पैसे मिळतात टनावर, तो राहतो तिथेच प्लास्टिकच्या झोपडीत, घर त्याचं शेकडो किलोमीटर लांब उत्तरेला. टनावर पैसे मिळत असतील तर झाकण लवकर काढायचा मोह कोणालाही होईल, मलाही होईल. भट्टीभोवती जमीन खरवडून साफ केलेली हवी, हाताशी पाणी हवं, आणि वाऱ्याच्या दिवशी भट्टी लावायचीच नाही. तीन गोष्टी. मी बघितल्या त्या फार्मवर यातल्या दोन होत्या.

आणि जी झुडपं तोडतात ती तोडायलाच हवीत, हे ऐकून माझं डोकं चक्रावलं होतं! नामिबियात कोट्यवधी हेक्टर गवताळ जमीन काटेरी झुडपांनी गिळलीये, इतकी दाट की गाय आत शिरत नाही आणि चित्त्याला पळता येत नाही, पळाला तर काट्यांनी डोळे फुटतात. तिथलं चित्ता संवर्धनाचं जे मोठं केंद्र आहे तेसुद्धा ही झुडपं तोडून त्याचे जळणाचे ठोकळे करून विकतं. आपल्या मध्य प्रदेशातल्या कुनोत १७ सप्टेंबर २०२२ ला जे आठ चित्ते उतरले ते याच देशातून आले, एवढी आपली सोयरीक. मग झुडपं एवढी वाढली कशी? कुंपणं घालून गुरं एकाच जागी चारली, गवत संपवलं, आणि आग लागू दिली नाही. पिढ्यानपिढ्या फार्मवाल्यांनी प्रत्येक आग विझवली, कारण गवत म्हणजे गुरांचा चारा. काटेरी रोप लहान असताना गवताच्या आगीत होरपळतं आणि खालून परत फुटतं, दर दोनचार वर्षांनी आग आली की ते कायम गुडघाभरच राहतं. आग आलीच नाही तर ते डोक्याच्या वर जातं आणि मग कुठलीच साधी आग त्याचं काही वाकडं करू शकत नाही. म्हणजे आग विझवली म्हणून झुडपं वाढली, झुडपं वाढली म्हणून कोळसा, आणि त्याच धंद्यातल्या ठिणगीने, संशय खरा असेल तर, एटोशा पेटलं. हा कोळसा जातो दक्षिण आफ्रिकेत आणि युरोपात, रविवारच्या बार्बेक्यूला. आणि आपल्याही लॉजवर रात्री ब्राय असतं ना, म्हणजे तिकडचं बार्बेक्यू, कुडू हरणाचं मटण आहे की चिकन एवढंच आपण विचारतो, निखारा कुठला ते कोणी विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं.

आता मुख्य मुद्दा. २०१९ च्या जूनमध्ये आम्ही सोळाजण दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर पार्कात होतो, प्रेटोरियसकोप कॅम्पच्या बाजूला. सकाळी साडेनऊला गाडी वळली तर रस्त्याच्या कडेने दोन रेंजर चालत गवत पेटवतायत. हातात किटलीसारखा डबा, त्याच्या नळीतून जळतं इंधन थेंब थेंब गळतं, माणूस नुसता चालत जातो आणि मागे आगीची रेघ उमटते. ज्वाळा कंबरेच्याही खाली. गवत खालून ओलसर होतं त्यामुळे आग अडखळत चालली होती, मध्येच विझायची, बाजूने फिरून पुढे जायची, मागे ठिकठिकाणी न जळलेले तुकडे सोडून. आणि त्या रेघेच्या पुढे कोतवाल पक्ष्यांची नुसती धांदल! आगीपुढे उडणारे नाकतोडे हवेत टिपायचे, गिरकी घेऊन धुरातून परत यायचे, त्यांच्यात एक जांभळ्या छातीचा नीलपंख. मारबू करकोचे राखेत फिरत होते, भाजलेलं काही मिळतंय का बघत, लग्नात पंगत उठल्यावर फिरणाऱ्या माणसासारखे.

आमच्या गाडीत काय चाललं होतं? एका काकूंनी पदराने नाक दाबलं, एका दादाने व्हिडिओ काढायला घेतला आणि वर बोलला 'बघा, यांचे रेंजरच जंगल जाळतायत', आणि गाइड बिचारा समजवायला लागला तर त्याला कोणी बोलूच देईना. संध्याकाळी हॉटेलवर पोचल्यावर आमच्यातल्या दोघांनी टूर कंपनीला तक्रारीचा मेल टाकला की आम्हाला जळकं जंगल दाखवलं, पैसे परत द्या. कंपनीने हजार रँड परतही दिले! आणि सहाव्या दिवशी आम्हाला ट्रिपमधला सगळ्यात भारी देखावा दिसला, तीन पांढरे गेंडे, इम्पाला, झेब्रे, सगळे एकाच मैदानात, अगदी उघड्यावर, कारण ते मैदान काही आठवड्यांपूर्वी असंच जाळलेलं होतं आणि त्यावर बोटभर हिरवे कोंब आले होते. मेल टाकणाऱ्या दोघांनी त्या गेंड्यांचे दोनेकशे फोटो काढले. मी काही बोललो नाही, बोलायला हवं होतं.

जूनची आग आणि सप्टेंबरची आग ही एकच गोष्ट नाही हो. गवत तेच, काडेपेटी तीच. पण जूनमध्ये गवतात ओल असते, रात्री दव पडतं, आग थंड आणि तुटक. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळं कडकडीत वाळलेलं, वारा सुटलेला, आग झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते आणि काही म्हणजे काही मागे सोडत नाही. जूनमध्ये जाळलेले तुकडे सप्टेंबरच्या आगीला अडवतात, कारण तिथे जळायला काही उरलेलं नसतं. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं ना, त्यातलाच प्रकार, फक्त पट्ट्याऐवजी गोधडीसारखे तुकडे. आणि आमच्या रत्नागिरीकडे तर हे पोरासोरांना माहितीये, शेतात राब भाजतात ती आग वेगळी आणि सड्यावरचा वणवा वेगळा, राब भाजणाऱ्याला कोणी वणवा लावणारा म्हणत नाही. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणाची तरी आंब्याची बाग वणव्यात जाते, आमचीही सतरा कलमं एका वर्षी गेलीयेत, गवत वेळेत कापून पट्टा काढला नव्हता म्हणून. चूक आमचीच होती.

क्रुगरवाल्यांनी हे काही हवेत ठरवलं नाहीये. १९५४ पासून तिथे प्रयोगाचे तुकडे राखलेत, एकेक साधारण सात हेक्टरचा, काही दरवर्षी जाळतात, काही दोन वर्षांनी, काही तीन, कुठला ऑगस्टमध्ये कुठला ऑक्टोबरमध्ये, आणि काही तुकड्यांना सत्तर वर्षात मुद्दाम आग लागूच दिलेली नाही. प्रेटोरियसकोपकडे पाऊस बरा पडतो, तिथला न जाळलेला तुकडा आज झाडाझुडपांनी गच्च आहे. तिथे सिंह दहा फुटावर बसला असेल तरी तुम्हाला दिसायचा नाही. सफारीत आपल्याला लांबवरचं दिसतं ना, मोकळं माळरान, एखादं बाभळीचं झाड, खाली सिंहीण, त्या फोटोत आगीचा मोठा हात आहे.

चुका त्यांनीही भरपूर केल्या, हेही सांगतो. आधी ठरवलं तीन वर्षांनी एकदा, वेळापत्रक लावून, रेल्वेसारखं. मग लक्षात आलं निसर्ग असा चालत नाही, तर १९९२ पासून उलट टोक, फक्त विजेने लागलेली आग जळू द्यायची, माणसाने लावलेली विझवायची. पण बऱ्याच आगी माणसांच्याच निघाल्या, मोझांबिकमधून लपतछपत पार्क ओलांडणारी गरीब माणसं रात्री शेकोटी करायची, तीही सिंहांच्या भीतीने. आणि मग २००१ चा सप्टेंबर, त्याच प्रेटोरियसकोपच्या भागात आगीत वीसपेक्षा जास्त माणसं गेली, बरीचशी छपरासाठी गवत कापणारी, आणि त्यांना वाचवायला गेलेले रेंजर. त्यानंतर धोरण परत बदललं, आता कोरड्या सीझनच्या सुरुवातीला तुकड्या-तुकड्याने जाळतात. म्हणजे आमच्या गाडीतून ज्या दोघा रेंजरांचा 'जंगल जाळतायत' म्हणून व्हिडिओ निघाला ते हे काम करत होते.

टांझानियातल्या सेरेंगेटीची गोष्ट तर याच्याही वरताण. तिथे आग कमी झाली ती कोणी विझवली म्हणून नाही, वाइल्डबीस्टने, म्हणजे तिथल्या गाईसारख्या दिसणाऱ्या हरणांनी, गवत खाल्लं म्हणून. गुरांचा बुळकांड्या रोग १८९० च्या दशकात आफ्रिकेत पसरला, त्यात वाइल्डबीस्टही मरत राहिले. आसपासच्या गुरांना लस टोचायला लागल्यावर १९६० नंतर रोग हटला, आणि कळप अडीच लाखांच्या आसपास होते ते पंधरा-वीस वर्षांत तेरा लाखांवर गेले. एवढी तोंडं चरायला लागल्यावर जळायला गवत उरेना, आगी घटल्या, झाडं वाढली. लस दिली गाईला आणि जगलं बाभळीचं रोप! आता तुम्ही मायग्रेशन, म्हणजे कळपांचं स्थलांतर, बघायला जाता ते याच कळपांचं.

मग आग लावतं कोण? सगळेच. शिकारी लावतात, कारण कोवळ्या गवतावर हरीण येतं. मसाई लावतात गोचिडी मारायला. शेतकरी शेत साफ करायला. मोझांबिकच्या नियासा रिझर्व्हमध्ये याओ लोक मध काढतात, तिथे एक मधपाखरू आहे ते खरोखर माणसाला पोळ्यापर्यंत घेऊन जातं, माणूस त्याला ठराविक आवाजात हाक मारतो, पाखरू पुढे उडतं, पोळं सापडलं की माणूस धूर करतो, मध माणसाचा मेण पाखराचं. त्या धुरातली एखादी चूड विझवायची राहिली की हजारो एकर जातं. आपल्याकडे मोहाखालचा पालापाचोळा जाळतात आणि आग सुटते ते काय वेगळं आहे. किलीमांजारोवर ऑक्टोबर २०२० मध्ये ९५ चौरस किलोमीटर जळालं, तिथे सुरुवातीचा संशय होता ट्रेकर्सचं सामान वाहणाऱ्या पोर्टरांनी जेवण गरम करायला पेटवलेल्या चुलीवर. ट्रेकर्स म्हणजे कोण? आपणच, तेव्हा बोट दाखवताना जरा जपून.

आणि एक, ज्याने मला स्वतःला धक्का बसला. जगात दरवर्षी जेवढी जमीन जळते त्यातली साधारण दोन तृतीयांश एकट्या आफ्रिकेत असते, पण हे क्षेत्र वाढत नाहीये, कमी होतंय. कारण माळरानं शेतीखाली जातायत, रस्ते आणि कुंपणं आग अडवतात. ही चांगली बातमी नाहीये, कारण जिथे दर दोन वर्षांनी हलकी आग फिरायची तिथे ती बंद होते, आणि जिथे गवत साठतं तिथे एकदम एटोशा होतं. २०२४ ला नामिबियात भयंकर दुष्काळ, देशात आणीबाणी जाहीर, मग पुढच्या सीझनला पाऊस चांगला झाला, गवत माजलं, सगळे खूश. तेच गवत सप्टेंबरला पेटलं.

तर टूरवाल्या मित्रांनो, तुमच्याकडे मागणं सोपं आहे. 'जळालेला भाग दाखवणार नाही' हे ब्रोशरमधून आणि मेसेजमधून काढा. उलट दाखवा, जून-जुलैत जाळलेला एखादा तुकडा मुद्दाम दाखवा, गाइडला पंधरा मिनिटं बोलू द्या, आणि कोणी पैसे परत मागितले तर देऊ नका. लॉज बुक करताना दोन प्रश्न टाका, तुमच्या हद्दीत कोरड्या सीझनच्या सुरुवातीला जाळता का, आणि ब्रायचा कोळसा कोणाकडून घेता, भट्टीवर साफ केलेला पट्टा आणि पाणी असतं का त्याची खात्री कोण करतं. पहिल्या वेळी लॉजवाला हसेल. दहा मराठी कंपन्यांनी विचारलं तर हसणार नाही, तुम्ही सीझनला किती खोल्या घेता हे त्याला चांगलं माहितीये.

आणि काका-काकू मंडळी, तुम्ही एवढंच करा, डिसेंबरात एटोशाची बुकिंग असेल तर आगीच्या बातम्या वाचून रद्द करू नका. पाऊस वेळेवर आला तर जळालेल्या भागातच कोवळं गवत असतं आणि तिथेच स्प्रिंगबॉक हरणं गोळा होतात. पार्कच्या गेटवर भरलेल्या पैशाची नामिबियाला गरज आहे. गेलात आणि गाइड रेंजरांबद्दल काही सांगायला लागला तर त्याला मध्येच तोडून 'लेपर्ड कुठे' विचारू नका.

माझ्याबरोबर पुढच्या जूनला क्रुगरला यायचंय त्यांनी ग्रुपवर मेसेज टाका, सहा जागा शिल्लक आहेत. काकूंना विशेष सूचना, पांढरे कपडे आणू नका, राख उडते आणि ती धुऊन जात नाही.

तुमचाच,
मागच्या सीटवरचा धुराचे फोटो काढणारा